माहेरचे तीन रुपये

२१ सप्टेंबर १९५९, सोमवार. काम: तांड्यावरची सात लेकरं तोलणे.

डायरीत त्या दिवसाखाली एवढंच लिहिलेलं आहे. सकाळी आठच्या सुमारास मी तांड्यावरच्या सुईणीच्या झोपडीत आढ्याला काटा टांगला, आकड्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि एकेक लेकरू झोळीत घालायला सुरुवात केली. काटा फुलसावंगीच्या एका किराणा दुकानातून मागून आणला होता. त्यावर गूळ तोलत असल्यामुळे तो कितीही पुसला तरी त्याला मुंग्या लागत. लेकरं झोळीत बसली की रडत, आणि रडणारं लेकरू हलतं, म्हणून काट्याची सुई स्थिर व्हायची वाट पाहावी लागे. सहा लेकरांची वजनं मागच्या सोमवारी होती जवळपास तेवढीच होती. दोघं पाव पौंडानं वर, एक पाव पौंडानं खाली. सातवी पोर दीड वर्षाची. मागच्या सोमवारी ती पावणेचौदा पौंड होती. आज काटा तेरावर थांबला. ती रडली नाही, त्यामुळे सुईही हलली नाही.

मी पुन्हा एकदा तोलून पाहिलं. तेराच.

मी तेव्हा विकास गटात मुख्यसेविका होते. वय एक्केचाळीस. हा तांडा फुलसावंगीपासून दोन कोसांवर, सव्वीस घरांचा. या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घालून मुलूखभर फिरायचे. आताची पिढी ज्वारी-कापूस करत होती. ऑगस्टच्या शेवटी पैनगंगेला पूर आला आणि पाणी नाल्यातून उलटं वर चढलं. तांडा उंचावर असल्यामुळे माणसं वाचली, जनावरंही बहुतेक वाचली. पण धान्याची पेवं उतारावरच्या मुरमात खोदलेली होती. पाणी त्यांत शिरलं आणि वर्षाची ज्वारी जमिनीतल्या जमिनीत कुजली. पेव उघडलं की जो वास येई तो तीन शेतांपलीकडे जाई. उभं पीक चिखलाखाली गेलं होतं. कामाची माणसं रस्त्याची खडी फोडायला गेली. ती दर आठ-पंधरा दिवसांनी थोडे पैसे किंवा पायलीभर ज्वारी घेऊन येत. त्यावर मोठी माणसं कशीबशी निभावत होती. लहान लेकरांना ते पुरेना.

आधी आम्ही दुधाची भुकटी दिली होती. परदेशातून आलेली, पत्र्याच्या पिंपांत भरलेली. पावसाळ्यात तिचे गोळे व्हायचे. ते वरवंट्यानं फोडून चाळून द्यावे लागत. भुकटीत खोट नव्हती. पण ती उकळलेल्या पाण्यात कालवायची, आणि पुरानंतर तांड्यावर सुकं सरपण नव्हतं. बायांनी ती नाल्याच्या पाण्यात कालवली आणि लेकरांची पोटं बिघडली. मी विचारायला गेले तेव्हा सुईण म्हणाली, "बाई, तुहं दूध आमी वासराले पाजलं. वासरूबी हगून राह्यलं."

सुईण सत्तरीची असावी. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणे, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करी.

पूर आला तरी फुलसावंगीचा आठवडी बाजार एकदाही बुडाला नव्हता, हे मी पाहिलं होतं. ट्रक येत नव्हते, पण बैलगाड्या येत होत्या. शेंगदाणे, गूळ, तुरीची डाळ, अंडी, सगळं होतं. तांड्यावरच दोन-तीन घरी दुभत्या शेळ्या होत्या. माल होता, पण बायांच्या हातात पैसा नव्हता. यवतमाळच्या बायकांच्या एका मंडळानं पूरग्रस्त लेकरांसाठी थोडी रक्कम गोळा करून आमच्याकडे पाठवली होती. मी आमच्या गटविकास अधिकारी साहेबांना म्हटलं की पिंपं आणण्यापेक्षा हे पैसे सरळ आयांच्या हातात देऊ या, आठवड्याला तीन रुपये, ज्या लेकरांची वजनं घटली आहेत त्यांच्याच आयांना. आदल्या वर्षी बाभुळगावकडच्या एका वस्तीत आग लागली होती, तेव्हा मी हे करून पाहिलं होतं. ती वस्ती नव्यानं बौद्ध झालेल्या लोकांची. तिथल्या बायांनी पैसे हातात पडताच आपसांत ठरवून एकीला बाजारात पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत चुलीवर डाळ चढली. मला वाटलं, इथंही तसंच होईल.

साहेबांचं म्हणणं, पैसे दारूत जातील. मी म्हटलं, दारू पिणारे खडी फोडायला गेले आहेत. ते हसले आणि त्यांनी अट घातली: वाटप उघड्यावर व्हावं, नायकासमक्ष, अंगठे घेऊन. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. अट वाजवी होती. सरकारी पैसा असो की देणगीचा, चार लोकांसमोर दिला की नंतर कुणाला बोलायला जागा राहत नाही. मी स्वतःही तीच अट घातली असती.

म्हणून १४ तारखेला नायकाच्या घरासमोरच्या निंबाच्या ओट्यावर सतरंजी टाकली. नायक साठीचा, पांढऱ्या पटक्याचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं त्यांच्या बोलीत चार शब्द सांगितले. मी सात आयांना एकेक करून पुढं बोलावलं, प्रत्येकीला तीन रुपये दिले, अंगठे घेतले. ते पैसे फक्त लेकराच्या खाण्याचे आहेत, हे तीनदा सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. पुसदच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती दीड वर्षाची पोर पाहिली होती आणि मला बाजूला घेऊन म्हणाले होते की हिला औषध नको, खाणं हवं, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा, आणि ते पंधरा दिवसांत सुरू झालं नाही तर मग मला दाखवायला आणू नका.

त्यातले आठ दिवस आता गेले होते.

पोरीची आई विशीची असेल. नवरा खडीवर, सासू नाही, सासरा आंधळा. पोर झोळीतून काढून तिच्या हातात दिली तेव्हा तिनं मला काही विचारलं नाही. मीच विचारलं, पैशाचं काय आणलं? ती खाली बघत म्हणाली, "मीठ. तिखट. काड्याची पेटी."

तीन रुपयांचं मीठ?

ती पोरीचं अंगडं सारखं करायला लागली. मग बाकीच्यांतल्या एकीनं हळूच सांगितलं की तिनंही मीठ आणलं, आणि थोडं रॉकेल. मला बाजाराचा दिवस आठवला. तांड्यावरच्या झाडून साऱ्या बाया त्या दिवशी बाजारात दिसल्या होत्या, ज्यांना मी एक पैसाही दिला नव्हता त्यासुद्धा, आणि सगळ्यांच्या हातात मिठाच्या पुड्या होत्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझ्या डोक्यात जे आलं ते कुणाच्याही डोक्यात आलं असतं. मी काटा तसाच लटकत ठेवला आणि नायकाच्या घरी गेले. तो निंबाखाली बसून दोरी वळत होता. मी बसले नाही. उभ्या उभ्याच विचारलं की मी सात बायांना दिलेले पैसे कुणी घेतले.

"सगळ्याहीनं घेतले," तो म्हणाला. "बारा-बारा आणे आले घरटी. वर चिल्लर उरली, तिचा गूळ देवाले ठेवला."

त्यानं हे अगदी सरळ सांगितलं. मी म्हटलं, पैसे लेकरांच्या नावाचे होते.

"बाई, तुमी पैसे कुठं देल्ले?"

"इथं. निंबाखाली. तुमच्यासमोर."

"मंग? निंबाखालचं एकट्याचं कसं राहीन?" त्यानं दोरी बाजूला ठेवली. "ससा मारला तरी इथं आणतात. सव्वीस वाटे पडतात. माह्या घरचा वाटा शेवटी उचलला जाते. तुमची भुकटीबी अशीच वाटलती. मले वाटलं, बाईले आमची रीत ठाऊक हाय, म्हणून मुद्दाम इथं बसून राह्यली."

म्हणजे भुकटीही. आम्ही दुबळ्या लेकरांसाठी मोजून दिलेली भुकटी सव्वीस घरांत मूठ मूठ गेली होती. कुणी चोरलं नव्हतं, कुणी लपवलं नव्हतं. उलट नायकाला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर या रीतीमुळेच पुरानंतर एकाही घरात चूल बंद पडली नव्हती, त्या आंधळ्या सासऱ्याच्या घरचीही नाही. पण सव्वीसपैकी एकोणीस घरांत अशी दुबळी पोरं नव्हती. बारा आण्यांत मोठ्या माणसाच्या भाकरीला मीठ येतं. पोरीला पाच वेळा खाऊ घालणं येत नाही.

चूक माझी होती. मी जागा विचारली नव्हती. निंबाखाली ओटा होता, सावली होती, म्हणून तिथं बसले.

मी म्हटलं, आता मी त्या सातजणींना परत तीन-तीन रुपये देणार आहे आणि ते वाटायचे नाहीत, असं तुम्ही सांगा. नायकानं दोरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला की तो असं सांगू शकत नाही. आज त्यानं सातजणींसाठी रीत मोडली तर उद्या सशाच्या वेळी कुणी ऐकणार नाही. हे त्यानं ताठरपणानं सांगितलं नाही. माझी अडचण त्याला कळत होती. पण तो नायक होता आणि मी दोन आठवड्यांनी दुसऱ्या गावी जाणार होते.

मी सुईणीच्या झोपडीत परत आले. बाया आपापल्या घरी गेल्या होत्या. त्या पोरीची आई मात्र दाराशी बसून होती, पोर मांडीवर. दुसऱ्या आठवड्याचे एकवीस रुपये माझ्या कमरेच्या पिशवीत होते आणि ते कुठं द्यावेत हे मला माहीत नव्हतं. परत नेले असते तर साहेबांनी म्हटलं असतं, बघा, मी सांगत होतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पिंपं आली असती. डाळ-गूळ आणून दिला असता तर तोही निंबाखाली गेला असता. गुपचूप द्यावे तर तांड्यावर गुपचूप काही राहत नाही, आणि लपवून घेतलेला पैसा सापडला तर त्या बाईची काय गत होईल, हे मला सुईणीनं न विचारता सांगितलं.

मी काट्याची झोळी सोडायला घेतली आणि सुईणीला विचारलं, याडी, इथं एखाद्या बाईचं एकटीचं असं काही असतं की नाही?

"काहून नसन? माहेरचं असते."

तिनं मग सांगितलं. भाऊ, आई, बहीण, माहेरचं कुणीही आलं की गाठोडं आणतं. ते दारात येऊन लेकीच्या ओढणीच्या टोकाला बांधायचं. ते तिचं. नवरा मागत नाही, सासरा मागत नाही, नायकही विचारत नाही. त्याला कुणी निंबाखाली न्यायचं म्हटलं तर त्यालाच लोक हसतील.

मी दाराशी बसलेल्या पोरीच्या आईला विचारलं, तुझं माहेर कुठं? तिनं नदीच्या दिशेला हात केला. पलीकडे. पूर आल्यापासून तिकडचं कुणी आलं नव्हतं. ते जिवंत आहेत की नाहीत हेही तिला ठाऊक नव्हतं.

मी सुईणीला म्हटलं, "मग उद्या मी येते हिच्या माहेरची म्हणून."

म्हातारी इतकी हसली की तिला खोकला आला. "तू? तुले आमची बोली येत नाई. अंगावर आमच्या बायांसारखी एक कवडी नाई. मास्तरणीसारखी चालतं." मग ती गंभीर झाली, म्हणजे तिच्या परीनं. "पण म्हटलं तर होते. पाण्यात सापडलेल्या बाईले तांड्यानं बहीण मानलं, असं झालंय मागं. फक्त एक हाय. माहेरचं माणूस आलं का गळ्यात पडून रडा लागते. रडल्याबिगर गाठोडं देता येत नाई. तुले रडता येते?"

हे मी पाहिलेलं होतं. या लोकांत बाया भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात आणि मागच्या भेटीपासून काय काय झालं ते सगळं त्या रडण्यात सांगतात: कोण गेलं, कोण जन्मलं, कुणाचा बैल मेला. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. ते सगळं झाल्यावर पाणी, गुळाचा खडा, आणि मग गाठोडं.

मी म्हटलं, मला रडता येत नाही. माझी आई वारली तेव्हासुद्धा मी आधी आलेल्या लोकांच्या चहाची व्यवस्था केली होती.

"मंग कशी माहेरची?" सुईण म्हणाली.

यावर मी म्हटलं की सातही घरी रडायचं असेल तर मला दोन दिवस लागतील. म्हातारीनं हिशोब केला. "एका घरी रड. बाकीच्या ऐकतीन. ऐकल्यावर त्याहीची तू बहीणच झाली."

जाण्यापूर्वी मी पुन्हा नायकाकडे गेले. अंगठे घ्यायच्या कागदावर 'नायकासमक्ष' असं छापलेलं होतं आणि ते खोटं लिहायची माझी तयारी नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं.

"माहेरच्या गाठोड्यात मी पडत नाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, पडू नका, फक्त पाहा.

त्यानं मान हलवली. "उद्या इथंच बसतो. इथून सारी दारं दिसतात."

संध्याकाळी फुलसावंगीला पोचल्यावर मी काटा दुकानदाराला परत केला आणि त्याच्याकडून सुटे घेतले. एकवीस रुपये सात चिंध्यांत बांधले. प्रत्येक चिंधीत गुळाचा खडाही ठेवला, कारण नुसता पैसा घेऊन माहेरचं कुणी येत नाही, असं सुईणीनं बजावलं होतं. गूळ माझ्या पैशाचा. तो कुठल्याच कागदावर लिहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तांड्यावर होते. नायक ठरल्याप्रमाणे निंबाखाली बसला होता. मी सरळ त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या घरी गेले आणि दारात उभी राहिले. सुईण माझ्या मागे होती. तिनं त्यांच्या बोलीत आत काहीतरी सांगितलं. पोरीची आई बाहेर आली, तिनं माझ्याकडे पाहिलं, ओढणी तोंडावर ओढली आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले.

मला काही करावं लागलं नाही. ती रडायला लागली आणि मग गायला लागली, किंवा दोन्ही एकदम. पुष्कळ वेळ. तिचं डोकं माझ्या खांद्यावर, आणि तिच्या ओढणीवरच्या आरशांच्या कडा मला गालावर टोचत होत्या. मला शब्द कळत नव्हते. पाणी, पेव, खडी एवढं कळलं. सुईण मागून कोपरानं ढोसत होती, म्हणजे हुंकार दे. मी हुंकार देत राहिले. एका जागी आजूबाजूच्या बाया रडता रडता हसल्या. नंतर मी विचारलं तेव्हा सुईणीनं अर्थ सांगितला: माझी बहीण आली, पण मला भेटायला नाही, माझ्या पोरीला गुळासारखी तोलायला आली.

आंधळा सासरा आतून म्हणाला, "पाहुणीले पाणी द्या."

पाणी प्याले. मग तिच्या ओढणीच्या टोकाला पहिली चिंधी बांधली आणि घट्ट गाठ मारली. तिनं ती लगेच सोडली. एक रुपया काढून दोन घरं पलीकडे गेली, जिथं शेळी होती, आणि तांब्यात दूध घेऊन आली. शेळीवाली पैसे घ्यायला आधी तयार नव्हती, आणि रुपया निंबाखाली न्यावा का, असंही तिनं विचारलं. सुईण तिच्यावर खेकसली की हे माहेरचं आहे, दिसत नाही का.

सरपणाच्या दोन वाळक्या काटक्या मी फुलसावंगीहून आणल्या होत्या. त्यांवर दूध तापवलं, निववलं. पोरीला मी मांडीवर घेतलं आणि तिच्या आईनं पळीनं पाजलं. पहिल्या दोन पळ्या ओघळून गेल्या. तिसरी गिळली. पाचवीला ती खोकली, थांबली, आणि आम्ही दोघी थांबलो. मग तिनं स्वतःहून तोंड उघडलं. पाव वाटी झाल्यावर मी आईचा हात धरला आणि एवढंच, आता दोन तासांनी, असं सांगितलं. घड्याळ नव्हतं, म्हणून सावली भिंतीच्या दुसऱ्या दगडाला आली की, असं म्हटलं.

पोर तिच्याकडे देऊन मी लुगड्यावरचं दूध झटकलं आणि पुढच्या घराकडे गेले. तिथली बाई दारात उभी होती, पाण्याचा तांब्या हातात घेऊन.